कणगीतले बोळे

माझ्या मुलीला बघायला आलेल्या हिलाल आण्णांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि तोंडाशी नेणार एवढ्यात आमचा तोतारामनाना म्हणाला, "आण्णा, जरा थांबा. तुम्हाला कसला वास येतोय का हो?"

आण्णांचा हात अधांतरी राहिला. "वास? कसला?"

"नाही, मला आपलं वाटलं." नानाने स्वतःच्या ताटातली भाकरी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि एक लांबलचक श्वास घेतला. "आम्हाला सवय झालीय म्हणा. आमच्या सुपडूची रोशाच्या तेलाची भट्टी ना. पाण्याला वास, पांघरुणाला वास, पोरीच्या हाताला वास. मग भाकरीत उतरणारच. जेवा तुम्ही, जेवा."

एकदा कोणी वासाचं नाव काढलं की कोऱ्या पाटीलाही वास येतो. आण्णांनी तुकडा हुंगला. त्यांच्या मुलाने हुंगला. मुलाच्या मामाने तर पाण्याचा तांब्याही हुंगला. माझी कोकिळा दाराआड उभी होती. दुसरी भाकरी घेऊन येता येता ती तिथूनच मागे फिरली. पाहुणे अर्धपोटी उठले. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात तेलाच्या वासाने डोकं उठेल.

ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तळोद्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. पाऊस सरला की डोंगरउतारावर रोशाचं गवत फुलतं. ते कापायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर शिजवायचं, वाफ बांबूच्या नळीतून ओढ्यातल्या थंड भांड्यात उतरवायची आणि पाण्यावर जो तेलाचा तवंग येतो तो अलगद काढून घ्यायचा, हा माझा धंदा. भट्टी पेटली की गावातले डास बायकापोरांसह गुजरातेत जातात, असं मी सांगत असे. त्यातलं निम्मं खरं होतं. बायकापोरं मागे राहायची.

नाना माझा सख्खा चुलतभाऊ, भाऊबंदांत वयाने सगळ्यात मोठा. त्याने असं का केलं, ते मला फाल्गुनात कळलं. हिलाल आण्णांच्या मुलाचं लग्न नानाच्या साडूच्या मुलीशी लागलं. नाना कोसा पटका बांधून पुढे पुढे करत होता, असं बघून आलेल्यांनी सांगितलं.

माझी बायको केसर म्हणाली, "जाऊ द्या. पोरीचं नशीब."

"नशीब नाही," मी म्हणालो. "नाना."

त्या दिवसापासून मी दुसरा कसलाही विचार केला नाही. मला नानाचे हातपाय मोडायचे नव्हते. मला त्याच्या घरातल्या अन्नाला वास आणायचा होता. तोही असा की चाळीस माणसांनी त्याच्या ओसरीत बसून नाक मुरडावं.

आणि तशी जागा वर्षातून एकदाच येते. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. ती थोरल्या घरी, म्हणजे नानाकडे. तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, गुरांना घालायचे नाहीत, ताटात टाकायचेही नाहीत. गहू घरचा लागतो. विकतचा चालत नाही, किडका चालत नाही. म्हणून नाना उन्हाळ्यातच एका कणगीत कानबाईचा गहू वेगळा भरून, तोंड शेणामातीने लिंपून टाकायचा.

हे काम पूर्वी पार्वतावहिनींचं, म्हणजे नानाच्या बायकोचं होतं. पण त्याच्या सहा वर्षं आधी कणगी उघडली तर गव्हाला सोंडे लागलेले. सोंडे म्हणजे ते काळपट, सोंडेसारखं नाक असलेले किडे. दाणा आतून खातात आणि वरून तो राजासारखा दिसतो. सगळ्या भाऊबंदांसमोर नाना बायकोला म्हणाला, "तुझ्या हाताला बरकत नाही. आजपासून ह्या कणगीला हात लावायचा नाही." वहिनींनी मान खाली घातली आणि सहा वर्षं लावला नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी दुपारी बायका झोक्यांवर गाणी म्हणत होत्या आणि पुरुष नानाच्या ओट्यावर सुपारीवर पत्ते खेळत होते. मी हातातला हुकमाचा एक्का मुद्दाम भलत्या डावात घालवला, पोट दुखतंय म्हणून उठलो आणि मागच्या पडवीत शिरलो. गहू एरंडेल चोळून कणगीत भरलेला होता. लिंपण संध्याकाळी व्हायचं होतं. माझ्या बंडीच्या आत लिंबाएवढे कापसाचे अकरा बोळे होते, रोशाच्या तेलाने निथळणारे. एकेक बोळा मुठीत घेऊन मी खांद्यापर्यंत हात गव्हात घालत होतो. गहू आत गार असतो. मला फार बरं वाटत होतं.

परत आलो तर नाना पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाला, "सुपडू, विहीर खणायला गेला होतास की काय?"

"पोट बिघडलंय, नाना."

"मग जरा लांब बस."

संध्याकाळी तो स्वतः कणगीवर वाकला. आता ह्याला वास लागणार, म्हणून मी वहाणा पायात सरकवून ठेवल्या. पण त्याने तपकिरीची चिमूट ओढली आणि हातभर थर देऊन तोंड लिंपून टाकलं. एरंडेलाच्या वासात माझा वास दबला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

त्या साली पाऊस असा लागला की बेडकांनासुद्धा सर्दी झाली. दमट हवेत घरोघरी गव्हाला सोंडे लागले. केसरने पोत्याला कान लावला तर आत करवत चालल्यासारखा आवाज. दिवसभर गावात चाळण्या वाजत होत्या आणि कोंबड्या इतक्या लठ्ठ झाल्या की त्यांना उंबरा ओलांडता येईना. सगळे म्हणायचे, आता थोरल्या घरच्या कणगीवरच भिस्त.

कानबाईच्या आदल्या दिवशी चाळीस माणसं पडवीत जमली. नानाने लिंपण फोडलं. मी सगळ्यात पुढे उभा होतो, चेहरे नीट दिसावेत म्हणून.

आणि कणगीतून गुलाबाचा वास आला.

हे मला आधीच कळायला हवं होतं. भट्टीतून उतरलेलं ताजं तेल नाकाला झोंबतं, पण महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते निवतं आणि त्याला गुलाबाची गोडी येते. अत्तरवाले म्हणून तर ते नेतात. गावाला फक्त भट्टीचा धूर आणि उकळत्या गवताचा दर्प माहीत. मला दोन्ही माहीत होतं. रागात माणूस आपला धंदासुद्धा विसरतो.

"नाना," आमचा धाकटा चुलतभाऊ धुडकू पुटपुटला, "गुलाब."

नानाने त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, मग नाक वर केलं. "हो तर. गुलाब."

"एक किडा नाही हो ह्यात. कानबाई येऊन गेली."

बायकांनी हात जोडले. कोणीतरी नानाच्या पायाला हात लावला. नानाने ओंजळभर गहू वर धरला आणि मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे बघत म्हणाला, "हात लागतो, हात. ह्याला म्हणतात बरकत."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाटणीचे रोट खाल्ले. चाळीस जणांनी नाक मुरडावं म्हणून मी जे केलं होतं, ते चाळीस जण डोळे मिटून चघळत होते, आणि त्या चाळिसांतला मीही एक होतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. टाकायची सोय नाही. प्रत्येक घासाला कोणीतरी म्हणायचं, "नानाचं पुण्य." मी पाणी पिऊन घास खाली ढकलत होतो.

आश्विनात गवत कापून भट्टी लावली. एका सकाळी वहिनी ओढ्यावर आल्या. डोक्यावर धुण्याची पाटी, पाटीत एक पुरचुंडी. ती त्यांनी माझ्यासमोर दगडावर सोडली.

"मोजा, भाऊजी."

"काय?"

"अकरा आहेत, गहू निवडताना निघालेले. बारावा असेल तर सांगा, मी पुन्हा शोधते."

कापूस वाळून कडक झाला होता. मी हातातलं लाकूड भट्टीत सारलं. "वहिनी, तुम्ही... नानाला सांगितलंत?"

"काय सांगू? देवीने कापूस पाठवला म्हणून?" त्या पाटी उतरवून शेजारच्या दगडावर टेकल्या. "नेम चुकला तुमचा. पाडायला गेलात आणि देव्हाऱ्यात बसवलंत. आता ते जेवताना माझ्याकडून पायावर पाणी घालून घेतात."

"मला काय माहीत असं होईल. आणि तो कणगीवर वाकला होता, नाक आत घालून. त्याला कसं कळलं नाही?"

वहिनींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग म्हणाल्या, "त्यांना वास येतच नाही."

"कोणाला?"

"तुमच्या नानाला. वीस वर्षं झाली. तपकिरीने नाक गेलं. दूध करपलं तरी मी सांगावं लागतं. मोठ्या घरच्या माणसात खोट दिसू नये म्हणून कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

भट्टीखालचा जाळ जास्त झाला होता, नळी फुसफुसत होती. दोन लाकडं मी बाहेर ओढली. मी एवढंच म्हणालो, "मग माझ्या कोकिळाची भाकरी?"

"तेच सांगायला आलेय," वहिनी म्हणाल्या. "उशीर झाला. चुकलं माझं."

मी कोयता उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि गवताच्या भाऱ्यात खोचला, घरच्या पोराचा घ्यावा तसा.

"बसा खाली. तुम्ही ओरडाल, ते म्हणतील सुपडू जळतो. मी बोलेन, ते म्हणतील बायको उलटली. त्यांच्याच तोंडून निघालं पाहिजे, चाळीस माणसांत. त्याच्या आधी मला एक सांगा. हे तेल घालून गहू राखायचा, पण वास राहता कामा नये, असं होतं का?"

"होतं. मी केला तसा मारा करायचा नाही. पत्र्याच्या कोठीत गव्हाच्या थराथरांत फडक्याच्या छोट्या पुरचुंड्या ठेवायच्या, चार-पाच थेंबांच्या. झाकण घट्ट, फटीला मेण. किडा आत फिरकत नाही. आणि खायच्या आधी दोन-तीन दिवस उन्हात पसरायचं. हे तेल उडून जाणारं. दाण्यावर राहत नाही."

"मग पुढच्या आखाजीला तुमचा दोन पोती गहू वेगळा काढा. कोठी तुमच्या घरी. भरणार मी."

"तुम्हाला नानाने मनाई केलीय."

"त्यांच्या कणगीला," वहिनी म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन गेल्या.

पुढच्या आखाजीला नानाने मोठी कणगी विणून घेतली. सगळ्या भाऊबंदांनी कानबाईचा गहू आताच आणून त्याच्या हाती द्यावा, असं फर्मान सुटलं. मीही माझी वाटणी नेऊन दिली, अगदी वाकून. नाना बाह्या सारून बसला होता. धुडकूने एरंडेलाची बाटली पुढे केली तर त्याने ती हाताने बाजूला सारली.

"कशाला? देवीवर भरवसा नाही का तुझा?"

"नेहमी लावतो म्हणून म्हटलं."

तेव्हा दारातून वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाल्या, "थोडं लावलेलं बरं. दमटात सोंडे होतात."

"झालं," नाना हसला. "जिच्या हाताने किडे झाले ती आता शिकवणार. तू लांब हो."

वहिनी लांब झाल्या. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्याच दुपारी त्या आमच्या घरी आल्या, पदर खोचला आणि केसरबरोबर कोठी भरली. कोकिळा पुरचुंड्या बांधून देत होती. मी तेलाचे थेंब मोजत होतो आणि एक जास्त पडला तर वहिनी माझ्याकडे बघायच्या.

श्रावणात नानाने लिंपण फोडलं तेव्हा वास आला नाही. आवाज आला. कणगीच्या तोंडावरचा गहू हलत होता, उकळत्या भातासारखा. मग सोंड्यांची पहिली रांग काठावर चढली, बाहेरचा उजेड बघून घेतला आणि नानाच्या कोपरावरून वर चालू लागली. मी शपथेवर सांगतो, त्यातला एक थांबून नानाकडे वळून पाहत होता. नानाने गव्हात मूठ घातली. मुठीत पीठ आलं.

सगळे दोन पावलं मागे सरकले. धुडकूची बायको रडायला लागली. घरोघरचा गहू चाळणीतून गेलेला, विकतचा चालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची.

"ह्यात कोणाचा तरी हात आहे," नाना म्हणाला.

"तुमचाच," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला लावू दिला होतात?" मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. "सुपडूभाऊजींकडे दोन पोती आहेत. भाऊबंदांतलाच गहू आहे. मी भरलाय."

आठ दिवसांपूर्वी उघडीप मिळाली तेव्हा वहिनींनी तो आमच्या घराच्या धाब्यावर तीन दिवस उन्हात पसरला होता. मी तो हुंगला होता, केसरने हुंगला होता, कोकिळाने तर ओंजळीत नाक बुडवून हुंगला होता. गव्हाला गव्हाचाच वास होता. धुडकूने दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. नानाने पोती आणायची खूण केली. त्याच्याकडे दुसरा गहू नव्हता.

दुसऱ्या दिवशी कानबाईपुढे पंगत बसली. चाळीस ताटं, प्रत्येकात गरम रोट. वयाने मोठ्याने पहिला घास घ्यायचा, तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा नेम. नाना मध्यभागी बसला होता, पटका बांधून. आदल्या दिवशीचं त्याने मनाशी जुळवून टाकलं होतं, हे त्याच्या ताठ मानेवरून कळत होतं. वहिनी तुपाची वाटी घेऊन त्याच्या शेजारी उभ्या होत्या. कोकिळा आमटी वाढत होती.

मी समोरून म्हणालो, "नाना, तुम्ही थोरले. बघा बरं, गेल्या सालचा तो वास यंदा आहे का?"

नानाने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. पण सगळ्यांच्या माना ताटांवर वाकलेल्या होत्या, त्याच्या पहिल्या घासाची वाट बघत. वाचायला एकही चेहरा नव्हता. गेल्या वर्षीच्या गव्हाला कीड नव्हती आणि वास होता. ह्या गव्हालाही कीड नव्हती. त्याने रोट उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि एक लांबलचक श्वास घेतला.

"आहे तर," तो म्हणाला. "गुलाबच. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच म्हणा."

एकेक मान वर आली. धुडकूने आपला रोट उचलून हुंगला, बायकोच्या ताटातला हुंगला. पंगतभर माणसं रोट नाकाला लावून बसली.

"नाना," धुडकू म्हणाला, "मला तर काहीच येत नाही."

"सर्दी झाली असेल तुला."

"मलाही येत नाही," पलीकडून कोणी म्हणालं. "मलाही नाही."

वहिनी नानाच्या रोटावर तूप सोडत होत्या. धार न मोडता म्हणाल्या, "त्यांनाही येत नाही. वीस वर्षं झाली, त्यांना कसलाच वास येत नाही."

नानाचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला आणि मध्येच थांबला. मी दीड वर्ष एक भाषण पाठ केलं होतं. त्यात नानाच्या सात पिढ्या होत्या, साडू होता, साडूची मुलगी होती. ते बोलायला मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी कोकिळा आमटीचं भांडं खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली होती.

"मोठे बाबा," तिने विचारलं, "मग त्या दिवशी माझ्या भाकरीला कसला वास आला होता?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती.

नानाने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी वाटी खाली ठेवली. "पोरगी विचारतेय," त्या म्हणाल्या. "सांगा तिला."

नानाने नजर ताटाकडे वळवली. उठायलाही त्याला येईना, कारण पहिला घास घेतल्याशिवाय चाळीस माणसांना उपाशी ठेवून ताटावरून कोण उठणार, आणि हातातला रोट टाकायची सोय नव्हती. शेवटी त्याने घास मोडला. आम्ही कोणी आपापल्या ताटाला हात लावला नाही. माझ्या गव्हाचा तो रोट त्याने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, आणि तो संपेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो.